सटवाई : सूतिकागृहातील मृत्यू आणि ललाटलेख

एखादी आपत्ती माणसाच्या जन्मभर पाठीस लागली म्हणजे ती त्याच्या पाचवीला पुजलेली आहे, असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार ज्या विधीतून निघाला तो बाळंतिणीच्या खोलीतील विधी होय आणि त्याची अधिष्ठात्री देवता म्हणजे सटवी अथवा सटवाई. अपत्यजन्मानंतर पाचव्या व सहाव्या रात्री तिची पूजा होते. त्या रात्री ती येऊन अर्भकाच्या कपाळावर त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्रात निरनिराळ्या थरांत आढळते. परंतु हीच देवता कोवळी मुले उचलून नेते, तेव्हा तिचे भय बाळगावे, ही समजूतही तितकीच दृढ आहे. भाग्य लिहिणे आणि प्राण हरण करणे ही दोन कार्ये एकाच देवतेकडे कशी आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ललाटलेखन हे मूळचे ब्रह्मदेवाचे काम. स्त्रियांच्या आचारात ते कालांतराने षष्ठीदेवीकडे सरकले, असे ते उत्तर आहे. ललाटलेखाची कल्पना संस्कृत साहित्यात विधात्याशी जोडलेली आहे, हे खरेच. भर्तृहरीच्या नीतिशतकात ती स्पष्ट आहे. परंतु हे काम सरकले म्हणावे, तर ते नेमक्या बालघातक देवतेकडेच का सरकावे, याचा उलगडा या उत्तराने होत नाही. लक्ष्मी होती, सरस्वती तर लेखनविद्येचीच देवता होती. त्यांपैकी कोणाकडेही ते गेले नाही. तेव्हा शोध विधात्यापासून नव्हे, तर सूतिकागृहापासून सुरू करावा लागतो.

विधीचे तपशील जातीजातींत व घराघरांत बदलतात. तथापि त्याचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखा आहे. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून त्यालाच देवीचे रूप मानतात. हळदकुंकू, नैवेद्य, दिवा ही सामग्री कोणत्याही पूजेतली. तिच्याबरोबर विळा किंवा दुसरे लोखंडी हत्यार ठेवतात, ते अर्थातच पूजेसाठी नव्हे, रक्षणासाठी. आणि शेजारीच कोरा कागद, दौत व लेखणी. दिवा रात्रभर विझू द्यावयाचा नाही आणि घरातील कोणी वडील स्त्रीने जागे राहावयाचे, असा दंडक असतो. पूजा पुष्कळदा सुईणीच्या हातून किंवा तिच्या देखत होते व तिला खण, धान्य, नैवेद्याचा वाटा मिळतो. या मांडणीत एक विसंगती आहे आणि ती महत्त्वाची आहे. जिच्या स्वागतासाठी दौत-लेखणी ठेवावयाची, तिच्याच भयाने उशाशी लोखंड ठेवावयाचे. घरातील स्त्रियांना त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण येणारी एकच आहे. ती काय करून जाईल, एवढेच अनिश्चित आहे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी फारसा वाद नाही. षष्ठी या शब्दापासून हिंदीत छठी झाले, मराठीत सटी, सटवी, सटवाई ही रूपे झाली. चंपाषष्ठीला खंडोबाच्या भक्तांत सट म्हणतात, तोच हा शब्द. म्हणजे देवतेचे नाव तिथीवरून, किंबहुना रात्रीच्या मोजणीवरून पडले आहे. सहावी रात्र हीच तिची पहिली ओळख होय.

षष्ठीचा प्राचीन वृत्तांत महाभारताच्या वनपर्वातील स्कंदोपाख्यानात मिळतो. तेथे स्कंदाची पत्नी देवसेना हिच्या नावांत षष्ठी हे नाव आहे आणि स्कंद षष्ठीला कृतार्थ झाला म्हणून ती महातिथी ठरली, असे म्हटले आहे. त्याच आख्यानात मातृगण स्कंदाकडे येतो आणि लोकांची मुले भक्षणासाठी मागतो. स्कंद त्यांना प्रजेचे रक्षण करण्यास सांगतो. परंतु मागणी पुरती नाकारत नाही. मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत त्याला निरनिराळ्या रूपांनी पीडा देण्याची मुभा तो त्यांना देतो. पूतना, शीतपूतना, रेवती, मुखमंडिका, गर्भात शिरणारी कद्रू, मनुष्यांचे गर्भ हिरावून नेणारी श्वानमाता सरमा अशी त्या ग्रहांची मोठी मालिका तेथे येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात यांपैकी काहींची नऊ बालग्रहांत व्यवस्थित मांडणी झाली आणि प्रत्येकाची लक्षणे व चिकित्सा सांगितली गेली. स्कंदाने केलेला हा करार लक्षात ठेवण्यासारखा आहे. मृत्यूला हद्दपार केलेले नाही. त्याला मुदत घालून दिली आहे.

नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईत निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केलेली काश्यपसंहिता या विषयात सर्वांत मोलाची. कौमारभृत्याचा हा ग्रंथ षष्ठीला षण्मुखी, वरदा, स्कंदाच्या भावंडांत गणलेली देवता म्हणून सांगतो आणि सूतिकाषष्ठीला व प्रत्येक पक्षाच्या षष्ठीला तिची पूजा करावी असा आदेश देतो. ही षण्मुखी केवळ ग्रंथातली नाही. ख्रिस्तोत्तर आरंभीच्या शतकांतील यौधेयांच्या नाण्यांवर एका बाजूस सहा मुखांचा कार्तिकेय व दुसऱ्या बाजूस सहा मुखांची देवी कोरलेली आहे. मथुरेच्या कुषाणकालीन शिल्पांतही ती स्कंद व विशाख यांच्यामध्ये उभी दिसते. बाणभट्टाच्या कादंबरीत चंद्रापीडाच्या जन्मप्रसंगी राणी विलासवतीच्या सूतिकागृहाचे वर्णन आहे, त्यात हळदीच्या रंगाच्या वस्त्रातील षष्ठीची प्रतिमा येते. सातव्या शतकातील राजवाड्यात आणि अलीकडच्या मराठी घरात या बाबतीत वाटते तेवढे अंतर नाही.

परंतु त्याच काश्यपसंहितेत रेवतीकल्प नावाचा अध्याय आहे, आणि तेथे चित्र एकदम पालटते. रेवतीचेच दुसरे रूप जातहारिणी, म्हणजे जन्मलेले हरण करणारी. तिचे साध्य, याप्य व असाध्य असे वर्ग केले आहेत. हे वैद्यकाच्या रीतीस धरूनच झाले. पण ती कोणाला ग्रासते याचे उत्तर वैद्यकाचे नाही. जी स्त्री धर्म सोडते, देव, गुरू व वडील माणसे यांचा अवमान करते, खोटे बोलते, कलह करते, तिच्या ठिकाणी जातहारिणी प्रवेश करते, असे ग्रंथ सांगतो. शिवाय अशा स्त्रीच्या संपर्काने ती दुसरीकडे जाते. म्हणून कारागीर जातींच्या, परदेशी जमातींच्या आणि संन्यासिनी, श्रमणा वगैरे घरोघर फिरणाऱ्या स्त्रियांच्या लांबलचक याद्या दिल्या आहेत. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला या याद्या म्हणजे खाणच आहे. पण ज्या बाईचे मूल गेले तिच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एवढाच होता की, मूल तिच्या दोषाने गेले, किंवा तिने ज्या बाईला उंबऱ्याच्या आत घेतले तिच्या दोषाने गेले.

मार्कंडेयपुराणातील जातहारिणीची कथा याहून वेगळ्या सुराची आहे, आणि या सर्व साहित्यात ती सर्वांत अस्वस्थ करणारी म्हणावी लागेल. अनमित्र राजाच्या पत्नीने नवजात पुत्राला मांडीवर घेतले असता तो हसतो. आई घाबरून कारण विचारते. मूल सांगते की, समोर एक मांजरी त्याला खावयास टपली आहे, जातहारिणी अदृश्यपणे वाट पाहत आहे आणि आईचे प्रेमदेखील पुढच्या सुखाच्या आशेवरच उभे आहे. हे ऐकून आई मुलाला तेथेच टाकून निघून जाते. जातहारिणी त्याला उचलून विक्रांत राजाच्या राणीच्या शय्येवर ठेवते, तिचा मुलगा बोध नावाच्या ब्राह्मणाच्या घरी ठेवते आणि ब्राह्मणाचा मुलगा खाऊन टाकते. पुढे हा अदलाबदल झालेला मुलगा आपली खरी आई कोणती, असा प्रश्न मुंजीच्या वेळी उपस्थित करतो आणि अखेर तपाला जाऊन चाक्षुष मनू होतो. पुराणकाराला मन्वंतराची कथा सांगावयाची आहे. परंतु वाटेत त्याने एक निराळीच गोष्ट सांगून ठेवली आहे. येथे जातहारिणी केवळ मारीत नाही. कोणते मूल राजाच्या घरी वाढावे, कोणते ब्राह्मणाच्या घरी जावे आणि कोणते मुळीच वाढू नये, हे ती एका रात्रीत ठरविते. लेखणी हातात नसली, तरी ती जे करते ते भाग्य वाटण्याचेच काम आहे. सटवाईच्या दोन कार्यांमधील सांधा जर कोठे दिसत असेल तर तो येथे दिसतो.

बालघातक देवतेला रक्षक करून घेण्याची खटपट बौद्धांनीही केली. पाचशे मुलांची आई असूनही इतरांची मुले खाणारी हारिती, बुद्धाने तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविताच पुत्रवियोग म्हणजे काय ते समजली आणि रक्षक झाली, ही कथा प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारिती व पांचिक यांचे स्वतंत्र दालनच आहे. औरंगाबादच्या लेण्यांतही ही जोडी आढळते. तसेच सभापर्वातील जरा राक्षसीचे. बृहद्रथाच्या घरी जन्मलेले दोन अर्धवट देह तिने जोडले व त्यातून जरासंध झाला. तिला गृहदेवी म्हटले आहे आणि मुलांनी वेढलेले तिचे चित्र जो भिंतीवर काढील त्याच्या घरी वृद्धी होईल, असे ती स्वतःच सांगते. श्रावणात घरोघर लावल्या जाणाऱ्या जिवतीच्या पटावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि बुध-बृहस्पती यांच्याबरोबर मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका असतात. महाभारतातील ते वचन आणि हा छापील पट यांच्यामधले दुवे अजून नीट जोडले गेलेले नाहीत. साम्य मात्र डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

ब्रह्मवैवर्तपुराणात व देवीभागवतात षष्ठीचे सौम्य रूप पूर्ण झालेले दिसते. प्रियव्रत राजाची पत्नी मालिनी हिला मृत पुत्र होतो. राजा प्रेत घेऊन श्मशानात विलाप करीत असता विमानातून देवी येते, स्वतःला प्रकृतीचा सहावा अंश म्हणविते आणि मुलाला जिवंत करते. जिवंत केलेले मूल ती घेऊन निघते, हा तपशील मात्र पुराणकाराने गाळलेला नाही. राजाने स्तुती करून पूजाप्रसाराचे वचन दिल्यावरच ती मूल परत देते. मुले नेणारी जुनी षष्ठी या एका हालचालीत क्षणभर दिसून जाते. पण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिचे भाषण. सुख, दुःख, भय, शोक, पुत्रलाभ व पुत्रनाश ही सर्व कर्माने होतात, असे ती राजाला सांगते. म्हणजे पुराणातील षष्ठी भाग्य लिहीत तर नाहीच, उलट भाग्याचा अधिकार आपल्याकडे नसून कर्माकडे आहे असे स्पष्ट सांगते. वनपर्व, काश्यपसंहिता आणि ही दोन पुराणे यांतील षष्ठीवृत्तांतात ललाटलेखन आढळत नाही. ते सूतिकागृहातील स्त्रियांच्या आचारात आहे.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो की, ग्रंथांनी मूळच्या एका देवतेचे दोन भाग केले. मारणारी ती जातहारिणी, तारणारी ती षष्ठी. आणि दोहोंच्या मागे कारण म्हणून एकीकडे आईचा दोष व दुसरीकडे पूर्वकर्म. लोकाचाराने हे विभाजन मानले नाही. त्याने देवता अखंड ठेवली आणि कारणाच्या जागी लेख ठेवला. जी मूल नेऊ शकते तिने ते नेले नाही, तर त्याचे पुढचे सारे आयुष्य तिच्याच हातून सुटलेले असते. म्हणून ते कसे जावे, हेही तिनेच लिहावयाचे. विधात्याकडून उसने घेतलेले असे त्यात असलेच तर ते लेखणी व कपाळ एवढेच. लिहिण्याचा अधिकार सटवाईचा मूळचाच आहे आणि तो मारण्याच्या अधिकारातून आलेला आहे.

सहावीच रात्र का, याचेही उत्तर येथेच आहे. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्याने किंवा तिच्यावर शेणराख लावल्याने नवजात अर्भकास होणारा धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस उद्भवतो. धडधाकट जन्मलेले, दूध ओढणारे मूल एकाएकी दूध घेईनासे होते, जबडा आवळतो, झटके येतात आणि थोड्याच दिवसांत संपते. सूतिकाज्वरही याच सुमारास आईला गाठतो. मूल जन्मतः दुर्बळ असते तर त्याच्या मृत्यूचे कारण डोळ्यांना दिसले असते. येथे ते दिसत नाही. रात्री कोणी येऊन गेले, ही कल्पना या अनुभवाला जितकी चपखल बसते तितकी दुसरी बसली नसती. षष्ठीपूजेची सगळी उपपत्ती एका रोगावर लादणे अर्थातच अतिव्याप्त होईल. तिथीची निवड मात्र या अनुभवाच्या आधाराने समजते. गर्भवतींना दिलेल्या प्रतिबंधक लशीमुळे व सुरक्षित प्रसूतीमुळे हा रोग पुढे मागे हटत गेला आणि २०१५ साली माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

सटवाईच्या उपासकांत पुरोहितवर्ग नगण्य आहे. तिची ठाणी बहुधा गावाबाहेर, शिवेवर, ओढ्याकाठी किंवा झाडाखाली असतात. शेंदूर फासलेले तांदळे, क्वचित एखादी घुमटी. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांच्या अशा ठाण्यांचा माग काढला आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचा संबंध जुन्या वाटांशी व तिठ्यांशी जोडला. सटवाईची त्यांनी षष्ठीशी सांगड घातलेली आहे. मूल जगले म्हणजे त्याचे पहिले जावळ तिच्या ठाण्यावर उतरवितात, नवस असेल तर बकरे देतात. नवसाने झालेल्या किंवा वाचलेल्या मुलाचे नाव सटवा, सटवाजी, सटवोजी आणि मुलीचे सटवाबाई ठेवीत. सतराव्या शतकात जतच्या डफळे घराण्याचा उत्कर्ष ज्याने केला तो सटवोजी हे त्याचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण होय. दगडू, धोंडू, केरू ही नावे मृत्यूची नजर चुकविण्यासाठी ठेवलेली; सटवोजी हे नाव मात्र नजर चुकवीत नाही, ते मूल तिच्याच नावे करून टाकते. अशा नावांची दप्तरांतून पद्धतशीर गणती झाली, तर या उपासनेचा प्रांतवार व जातवार पसारा आजच्यापेक्षा पुष्कळ नेमका सांगता येईल.

लेख या कल्पनेची मर्यादा काय, हे एका लोककथेवरून कळते. इरावती कर्वे यांनी ती १९५० साली ‘मॅन’ या नियतकालिकात इडिपसकथेचे मराठी रूप म्हणून प्रसिद्ध केली. सटवाईची मुलगी आईला विचारते, तू सर्वांचे लिहितेस, माझ्या कपाळी काय लिहिले आहेस? आई नाइलाजाने सांगते की, तुझे लग्न तुझ्याच मुलाशी होईल. मुलगी ते टाळण्यासाठी रानात जाऊन राहते. तरी होणारे होते. ग्रीक कथेत सत्य उघड होते आणि सर्वनाश ओढवतो. येथे ते कळल्यावर ती स्त्री गप्प राहते आणि संसार चालू राहतो. अभ्यासकांचे लक्ष साहजिकच मातापुत्र-संबंधाकडे गेले आहे. परंतु कथेत त्याहून आधीची एक गोष्ट आहे. लिहिणाऱ्या आईला स्वतःच्या मुलीचाही लेख पुसता आलेला नाही. पौराणिक षष्ठीला स्तुतीने वळविता येते, मेलेले मूल तिच्याकडून परत घेता येते. सटवाईला एकदा लिहून झाल्यावर वळविता येत नाही. म्हणूनच तिचा विधी लेखापूर्वीचा आहे. सहाव्या रात्रीनंतर कपाळावरच्या अक्षरांत बदल मागणारे व्रत त्याला जोडलेले नाही.

या न पुसणाऱ्या लेखाचा परिणाम आईच्या बाजूने झाला, हे येथे नोंदविले पाहिजे. रेवतीकल्पाच्या मताने मूल गेल्यावर आईला आपल्या वागणुकीचा हिशेब द्यावा लागे. एवढेच आयुष्य लिहिले होते, या उत्तरापुढे तो हिशेब थांबतो. दैववादावर निष्क्रियतेचा आरोप नेहमी होतो आणि तो पुष्कळ अंशी योग्यही आहे. परंतु नवजात मुले घरोघर दगावत होती त्या काळात, सासरी राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या आईला हे उत्तर म्हणजे केवढा आधार होता, याचा विचार त्या आरोपात सहसा नसतो. अर्थात लोकाचारानेही तिला पुरते मोकळे सोडले नाही. पूजेत उणे राहिले, दिवा विझला, जागणाऱ्या बाईचा डोळा लागला, अशी बोलणी निघतच.

आणि सटवी हा शब्द मराठीत शिवी म्हणूनही रूढ झाला. जी बाई घर बुडवील, नवऱ्याला भुलवील, दुसऱ्याचे बरे पाहवणार नाही, तिला सटवी म्हणतात. देवतेचे नाव शिवी होण्याची उदाहरणे मराठीत नाहीत असे नाही. पण ही शिवी फक्त बाईलाच दिली जाते, आणि तिने सूचित होणारे दोष पाहिले तर जातहारिणीने ग्रासलेल्या स्त्रीची रेवतीकल्पात दिलेली लक्षणे त्यांच्याहून फार निराळी नाहीत. काश्यपसंहितेचे हस्तलिखित कित्येक शतके नेपाळात पडून होते. मराठी घरातील स्त्रीपुरुषांनी ते वाचलेले असण्याचा प्रश्नच नाही. ज्या घरात सहाव्या रात्री सटवीपुढे दौत-लेखणी मांडली जाई, त्याच घरात दुसऱ्या दिवशी भांडण झाले की तेच नाव बाईच्या तोंडावर फेकले जाई.